चांदीचा ताप

आमच्या डॉक्टरसाहेबांनी माणसाला कधी 'या, बसा' म्हटल्याचं मला आठवत नाही. बैलाला म्हणायचे. गाईला, म्हशीला, शेळीला, एवढंच काय, चावऱ्या कुत्र्यालाही ते अहो-जाहो करायचे. आणि त्या कुत्र्याचा मालक कितीही मोठा असो, त्याला सरळ 'अबे'. एकदा जंगल खात्यातले एक बडे साहेब आपला विलायती कुत्रा घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेब खुर्चीवरून उठले, कुत्र्यापुढे वाकले आणि म्हणाले, "या जी, बसा जी. का होऊन राह्यलं तुमाले?" साहेबांनी खुर्ची ओढली तसे त्यांच्यावर खेकसले, "तू काऊन बसतं बे? आजारी तू हायस का हे?" कुत्रा खुर्चीत बसला. साहेब शेवटपर्यंत उभे राहिले आणि जाताना वर 'थँक्यू' म्हणून गेले. माणसाला ओरडणारा डॉक्टर हुशार वाटतो, हे मी तेव्हाच शिकलो.

मूल गावच्या गुरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते आणि मी कंपाउंडर. त्या वेळी जिल्ह्याचं नाव चांदा होतं, गडचिरोली त्यातलाच एक तालुका होता आणि दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि समोर कडुनिंबाखाली बांधलेली ढोरं. लोक त्यांना 'ढोरडॉक्टर' म्हणत. त्यांना ते आवडायचं. माणसांच्या डॉक्टरांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. "त्यायचा रोगी बोलते. मंग त्यायले डोस्कं कायले लागते?" असं ते म्हणत.

त्यांचा रोगी बोलत नसल्यामुळे त्याच्या वाटचं सगळं बोलणं ते स्वतःच करून टाकत. 'निदान पहिले, इलाज मांगून' हे त्यांचं ब्रीद होतं. अडचण अशी की निदान लांबत जाऊन पुष्कळदा इलाजाची पाळीच यायची नाही. बैल बसून राहिला, उठत नाही, म्हणून कुणी बोलावलं की हे त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि मालकाची झडती सुरू व्हायची. काय खाल्लं? कुठलं पाणी प्यायला? हंबरला तर कुठं तोंड करून हंबरला? मग त्याच्या गव्हाणीतलं तणीस उचलून स्वतः चघळून पाहायचे. शेजारच्या बैलाच्या गव्हाणीतलंही चघळायचे, तुलनेसाठी. एकदा राजोलीकडच्या एका शेतकऱ्याचा बैल ही चौकशी ऐकून इतका कंटाळला की आपण होऊन उठला आणि चरायला निघून गेला. डॉक्टरसाहेबांनी तोंडातलं तणीस थुंकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? नुसत्या निदानानंच बरे झाले."

ही खोड ढोरांपुरती असती तर ठीक होतं. पण गळ्यातली तपासायची नळी काढून ठेवायची त्यांना सवय नव्हती, आणि नळी गळ्यात असली की समोर दिसेल ती वस्तू रोगी होते. दवाखान्याचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं तेव्हा त्यांनी त्याला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि निकाल दिला, "छाती चांगली हाय. पोटात वायू हाय." शेजारच्या भजनी मंडळाची पेटी एका सुरावर अडायची, तिच्या भात्याची त्यांनी कास तपासावी तशी तपासणी केली. पेटी बरी झाली नाही. पण पेटीवाल्याला समाधान वाटलं, कारण आजवर त्याच्या पेटीची इतक्या आपुलकीनं कोणी विचारपूस केली नव्हती.

आणि मग त्यांची मोटार.

स्वराज्य आल्यावर विलायतेला परत गेलेल्या एका साहेबाची ती गाडी होती. त्याच्या घोडीची पोटदुखी डॉक्टरसाहेबांनी थांबवली होती, म्हणून जाताना तो मोटार यांना देऊन गेला. काळा रंग, वर कापडी टप, आणि भोंगा असा की ऐकणारा आधी मागे वळून म्हैस शोधायचा. डॉक्टरसाहेबांनी तिचं नाव चांदी ठेवलं. काळ्या गाडीचं नाव चांदी काऊन, असं मी एकदा विचारलं. "तुया आत्याचं नाव सुंदरा हाय ना? मी विचारलं का कधी काऊन म्हणून?" असं उत्तर मिळालं.

चांदीला ते संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसत, पाठीवरून हात फिरवत आणि 'दमल्या का जी' म्हणत. एका पोळ्याला तर कहर झाला. गावचे बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून तोरणाखाली रांगेत उभे होते, आणि हे चांदीला झेंडूच्या माळा घालून घेऊन आले आणि रांगेत उभी करू लागले. बैल बिथरले. पाटील पुढे येऊन हात जोडून, आमच्याकडच्या चालीनं 'ळ'चा 'र' करत म्हणाले, "डाक्टरसाहेब, पोरा बैलायचा असते जी. हे तं बाई हाय." मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण डॉक्टरसाहेब विचारात पडले. खरोखर गंभीरपणे विचारात पडले. मग म्हणाले, "बरोबर हाय. चूक माहीच हाय," आणि गाडी मागे घेऊन गेले. वाजवी मुद्दा असला की ते मान्य करत. मुद्दा माणसानं मांडलेला असला तर जरा जड जायचं, एवढंच.

चांदीला मेस्त्री मात्र त्यांनी कधी लावू दिला नाही. रोगाचं नाव ठाऊक नसताना जो पाना फिरवतो तो कसाई, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि या म्हणण्यापायी माझं लग्न मोडायची वेळ आली.

माझी सोयरीक नागभीडला ठरली होती. मुलीचे वडील स्टेशनमास्तर. नागभीडला लहान गाडीचे, म्हणजे नॅरोगेजचे, फाटे फुटतात, त्यामुळे तिथल्या स्टेशनमास्तरला आपण पृथ्वीच्या मध्यावर उभे आहोत असं वाटणं स्वाभाविक होतं. घड्याळाशिवाय त्यांनी दुसरा देव मानला नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हे, "टायमावर उठता का?" हा. दुसरा प्रश्न मुलीनं विचारला. खरं तर मुलींनी त्या वेळी काही विचारायचं नसे. तिनं पोह्यांची ताटली ठेवली, खालमानेनंच म्हणाली, "ढोरं चावत नाईत का जी तुमाले?" मी म्हणालो, "चावतात. पण डॉक्टर जास्त चावतात." ती फिस्सकन हसली आणि पदर तोंडात धरून आत पळाली. झालं. त्या क्षणापासून मला दुसरी कोणतीही मुलगी नको होती. हे मी आज स्पष्टच लिहितो, कारण तेव्हा सांगायची सोय नव्हती.

पण तिला एक आतेभाऊ होता. आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे काही मी सांगायला नको. स्टेशनमास्तरांनी तो हक्क बाजूला सारून मला पसंत केलं होतं, तेव्हा त्यांची बहीण रुसली होती. तिला समजावताना ते एक वाक्य बोलून बसले, "गोरज मुहूर्तावर नवरदेव मांडवात नसला, तर तुयाच पोराले उभा करीन." बोलणारा माणूस शब्दाचा पक्का असला की असली वाक्यं फार महाग पडतात. आतेभाऊ लग्नाला नवं धोतर नेसून, दाढी करून येणार आहे, ही बातमी माझ्यापर्यंत पोचली होती.

शहाण्या माणसानं अशा वेळी सकाळची लहान गाडी धरून नागभीड गाठलं असतं. आमचं सगळं वऱ्हाड तसंच गेलं. पण डॉक्टरसाहेबांनी हट्ट धरला, "माया कंपाउंडरचं लगन हाय. नवरदेव चांदीत बसूनच जाईन." माझ्या आत्यालाही मोटारीचा मान हवा होता. मला आईबाप नव्हते, आत्यानंच वाढवलं, त्यामुळे माझ्याविषयीचा शेवटचा निर्णय तिचा. माझं मत विचारायला कुणाला सवड नव्हती.

लग्नाच्या मांडवासाठी आंब्याची, जांभळीची डहाळी वाजतगाजत आणतात, त्यातली एक फांदी नवरदेवाच्या बैलगाडीला पुढं बांधायची आमच्याकडे चाल आहे. ती फांदी तिकडे पोचली की मुलीकडच्या मांडवाला लावतात. दोन मांडव एक झाले, असा त्याचा अर्थ. मोटारीला बैलगाडीसारखी धूर, म्हणजे पुढचा दांडा, नसते, तेव्हा आत्यानं ती फांदी तोंडाला बांधली. आणि मोटार एवढी मोठी म्हणून एका फांदीच्या जागी भाराभर बांधली. सुतळीनं आडवी-उभी इतकी घट्ट आवळली की चांदीचं तोंड पार दिसेनासं झालं. नुसत्या दोन दिव्यांचे डोळे हिरव्या पाल्यातून बघत होते. डॉक्टरसाहेब दूर उभं राहून पाहत राहिले आणि गहिवरून म्हणाले, "का सुंदर दिसून राह्यल्या जी!"

दुपारी जेवून निघालो. वैशाखाचं ऊन. डोक्याला बाशिंग, अंगाला हळद, हातात लिंबू टोचलेली कट्यार, असा मी पुढे डॉक्टरसाहेबांशेजारी आणि मागे आत्या. राजोली मागे पडली, सिंदेवाहीकडचं जंगल लागलं. माझ्या समोरच्या फळीवर एक गोल तबकडी होती आणि तिच्यात पाण्याची उष्णता दाखवणारा काटा. तो एरवी मधोमध झोपलेला असायचा. मी बाशिंगाच्या माळा बाजूला करून सहज पाहिलं, तर काटा उठून लाल घरात जाऊन बसलेला.

"डॉक्टरसाहेब, काटा!"

त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, उजळला. आपल्या घरच्या माणसाला ताप आल्यावर डॉक्टराला काळजी वाटायला हवी. यांना रोगी मिळाला. मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवली, उतरले, गळ्यातली नळी सरसावली आणि म्हणाले, "कोनी हात लावाचा नाई. पहिले निदान."

नळी बॉनेटवर ठेवून त्यांनी बराच वेळ ऐकलं. आत पाण्याचं बुडबुड वाजत होतं. "रवंथ जोरात चालू हाय," ते म्हणाले. मग गाडी थोडी निवल्यावर गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण उघडलं, बाजूला उभं राहून वाफ जाऊ दिली आणि पिशवीतून ढोरांचा थर्मामीटर काढून आत घातला. तो थर्मामीटर ढोरांना कुठून लावतात हे आत्याला ठाऊक होतं. तिनं तोंड फिरवून रामराम म्हटलं. पाणी जवळपास भरलेलं होतं. थोडं कमी होतं तेवढं त्यांनी डब्यातून घातलं आणि जाहीर केलं, "प्यायलेल्या बराबर हायेत. तहान नोहे."

पुन्हा निघालो. काटा खाली आला होता तो बघता बघता वर चढला. पुन्हा थांबलो.

आता संशय गळतीवर. मोटारीखाली ओल आहे का ते बघायला कोणीतरी पालथं पडायला हवं होतं. "कंपाउंडर, घुस," असा हुकूम झाला. आत्या कडाडली, "हळदीचं अंग हाय त्याचं! नवरदेव हाय तो!" डॉक्टरसाहेब म्हणाले, "नवरदेव नागभीडले. इथी कंपाउंडर हाय." बाशिंगासकट मी मोटारीखाली घुसलो. खालची जमीन कोरडी ठक्क होती. बाहेर आलो तेव्हा बाशिंगाला तेलाचा एक काळा ओघळ लागलेला होता आणि आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं मला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि नागभीड येईपर्यंत जमिनीला पाय लावशील तर माझं मेलं तोंड पाहशील, अशी शपथ घातली.

पंख्याचा पट्टा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला. ताठ होता. रबरी नळ्या आतडी चाचपावी तशा चाचपल्या. वरची गरम, खालचीही गरम. "म्हंजे रक्त फिरून राह्यलं," ते स्वतःशी बोलत होते. "तहान नाई, हगवण नाई, नाडी बराबर. मंग ताप उतरत काऊन नाई?" हे बोलताना ते कुठं उभे होते माहीत आहे? चांदीच्या थेट तोंडासमोर, त्या पाल्याला पाठ टेकून. विचार करता करता त्यांनी मागं हात नेऊन आंब्याचं एक पान तोडलं आणि चघळायला सुरुवात केली.

मीही तोच पाला बघत होतो. आत्याही बघत होती. तिघांपैकी एकालाही काही सुचलं नाही. ती मांडवाची डहाळी होती. तिच्याकडे कोणी रोगाच्या नजरेनं कशाला पाहील?

पुन्हा निघालो, पुन्हा काटा चढला, पुन्हा थांबलो. ऊन कलायला लागलं होतं. वाटेत एक माणूस नाही, एक बैलगाडी नाही. एव्हाना मांडवात बायका गाणी म्हणत असतील, स्टेशनमास्तर घड्याळ काढून दाराशी आले असतील आणि तो आलापल्लीचा धोतराचा सोगा सावरत असेल, हे सगळं मला दिसत होतं. "डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "मी पायी जातो." आत्यानं शपथेची आठवण दिली. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी रडवेला झालोय हे तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. ते पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, "थांब लेका. आता इलाज करतो."

निदान झालेलं नसताना इलाज! माझ्यासाठी त्यांनी आपलं ब्रीद मोडलं. उन्हाळी तापाला ढोरांना देतात तो इलाज त्यांनी काढला. कांदा आणि ओलं गोणपाट. शिदोरीतला कांदा घेतला, माझ्या हातातली कट्यार घेतली, लिंबू काढून आत्याच्या हातात दिलं, कांद्याचे दोन भाग केले आणि बॉनेटवर खसाखसा चोळले. मग गोणपाटं खांद्यावर टाकून खालच्या बोडीवर गेले. बोडी म्हणजे आमच्याकडचं गावतळं. वैशाखात तिच्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त. आत्या झाडाला टेकून बसली आणि उन्हानं तिचा डोळा लागला. मी शपथेनं बांधलेला, गाडीत.

तेवढ्यात जंगलातून शेळ्या आल्या.

कळप होता. मागे काठी खांद्यावर आडवी टाकलेला एक गुराखी, तो अजून दूर. शेळ्यांना वैशाखात आंब्या-जांभळीचा ताजा पाला आयता बांधून मिळाला होता. पहिली एक लाल शेळी पुढचे पाय बंपरवर ठेवून उभी राहिली, माझ्याकडे काचेतून निरखून पाहिलं आणि फांदीला तोंड घातलं. मग बाकीच्या. मी 'हड् हड्' केलं. भोंगा वाजवला, तर म्हैस समजून त्यांनी मानही वर केली नाही. भोंग्यानं आत्या मात्र दचकून उठली आणि छत्री घेऊन धावली. "अगं बाई, डहारी खाल्ली! मांडवाची डहारी खाल्ली!" ती येईपर्यंत काड्या आणि सुतळी उरली होती. गुराखी शांतपणे येऊन म्हणाला, "आंब्याचा पाला दिसला तं माया शेऱ्या आयकत नाईत, बाई," आणि शेळ्या हाकत निघून गेला. आत्या मटकन खाली बसली. एवढा मोठा अपशकुन तिनं जन्मात पाहिला नव्हता.

डॉक्टरसाहेब गुडघाभर चिखलानं माखून परत आले. शेळ्या त्यांनी पाहिल्याच नाहीत, पाला गेल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. ओली गोणपाटं त्यांनी बॉनेटवर पसरली, 'आराम पडन जी आता' म्हटलं आणि गाडी सुरू केली.

काटा मधोमध आला आणि तिथंच झोपला. मैलामागून मैल गेले, तरी उठला नाही. गोणपाटं वाऱ्यानं वाळून उडून गेली, तरी उठला नाही. आणि समोरून काड्यांमधून वारा सूं-सूं आत, रेडिएटरपर्यंत, शिरताना ऐकला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ढोरांच्या नाकाशी काही बांधू नका, म्हणून हा माणूस रोज शेतकऱ्यांना शिव्या घालायचा, आणि स्वतःच्या चांदीला भर उन्हात मुसकं घालून आम्ही पळवत होतो!

"डॉक्टरसाहेब, तो पाला—"

"चूप. रोग्याले उतार पडून राह्यला. बोलू नोको."

नागभीडला पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. स्टेशनमास्तर दाराशी घड्याळ हातात घेऊन उभे, त्यांच्या मागे आतेभाऊ. त्याच्या कपाळाला कोणीतरी कुंकूसुद्धा लावून ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, "इतका टायम काऊन लागला?" खरं म्हणजे मुहूर्ताला अजून थोडा अवकाश होता, धावत जाऊन बोहल्यावर उभं राहिलो असतो तर मिटलं असतं. पण डॉक्टरसाहेबांना कोणीतरी 'काऊन' विचारलं होतं! ते मास्तरांसमोर उभे ठाकले आणि सुरू झाले, "त्याचं असं हाय, रोग्याची पहिले नाडी पाहावं लागते. नाडी बराबर होती. मंग तहान. तहान नोहती. आता राह्यली हगवण..."

दारात करवल्या, हातात ओवाळायचं ताट, आणि मध्ये हगवण. सूर्य खाली चालला होता. मास्तरही शेवटी तांत्रिक माणूस. ते कान देऊन ऐकायला लागले! "प्रेशर किती होतं?" असंही विचारून बसले. आतेभाऊ मात्र हळूहळू मांडवाकडे सरकत होता. तेव्हा आत्यानं पुढं होऊन डॉक्टरसाहेबांच्या तोंडात माझ्या कट्यारीचं लिंबू कोंबलं, एका काडीला दोन पानं चिकटून राहिली होती ती काडी करवलीच्या हातात दिली आणि मला मानगुटीला धरून आत ढकललं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर ती उभी होती. माझ्या बाशिंगाचा तेलाचा ओघळ बघून तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि तिचे खांदे हलत होते. जगात मला जे हवं होतं ते समोर उभं राहून हसू दाबत होतं.

लग्नानंतर डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. तोवर त्यांनी कांदा आणि गोणपाटाच्या इलाजाची हकीगत मूल गावात घरोघर सांगितली होती. जेवतानाही तीच निघाली. बायकोला मी खरं काय ते सांगितलेलं होतं. ती भात वाढता वाढता अगदी भोळेपणानं म्हणाली, "पन पाला शेऱ्यायनं खाल्ला म्हनून गाडी निवली ना जी?"

डॉक्टरसाहेबांचा घास हातात राहिला. ते ताटावरून उठले, उष्ट्या हातानं बाहेर गेले. आम्ही दारात जाऊन पाहतो तर ते चांदीच्या तोंडाला एक पोतं बांधत होते. गाडी सुरू करून गावाबाहेर चक्कर मारून आले. काटा लाल घरात. पोतं सोडलं, पुन्हा चक्कर मारली, काटा मधोमध. परत आले ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "निदान मायं नोहे. शेळीचं हाय." आणि मग, "बसा गाडीत. दोघंही."

सिंदेवाहीच्या अलीकडे, त्याच मोहाच्या पट्ट्यात, आम्ही तो गुराखी शोधून काढला. शेळ्या बसल्या होत्या. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "कोनती ते? दाखव." पहिली लाल होती हे मला आठवत होतं, पण कळपात लाल शेळ्या पुष्कळ होत्या, आणि पाला खायला तर सगळ्याच होत्या. मी तसं सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि ते एकेका शेळीपुढे जाऊन हात जोडू लागले. "चुकलो जी. तुमी बराबर होत्या." गुराखी काठी टेकून बघत राहिला.

मी हसू दाबत होतो. बायको दाबत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "डाक्टरसायेब, ह्या नसत्या तं मी आज आलापल्लीले असती जी. पाया पडू का ह्यायच्या?"

"पड," डॉक्टरसाहेब म्हणाले. "जोडीनं पडा."

आयुष्यभर मी शेळ्यांचे पाय धरले, ते सुई टोचायला. त्या दिवशी मात्र नव्या नवरीच्या शेजारी वाकून, एकेका शेळीच्या पायांवर डोकं ठेवत, आम्ही सगळ्या कळपाचा आशीर्वाद घेतला.